आमचा कोड झेफरच्या सोर्स ट्रीबाहेर काढताना: माझा अनुभव

अंधेरी पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात आम्ही सहा जण मिळून गृहनिर्माण सोसायट्यांसाठी पाण्याच्या टाकीचे नियंत्रक बनवतो. मुंबईत महापालिकेचे पाणी ठरावीक वेळेलाच येते, ते आधी जमिनीखालच्या टाकीत साठते आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. दोन्ही टाक्यांची पातळी पाहून पंप चालू-बंद करणे एवढेच आमच्या उपकरणाचे काम आहे. आत एसटीएम३२ जातीचा मायक्रोकंट्रोलर आहे आणि त्यावर झेफर ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम चालते, जी २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली मुक्त स्रोत म्हणून वाढत आहे.

सुरुवातीला आम्ही जे केले ते बहुतेक जण करतात असे मला वाटते. झेफरचा २.७ आवृत्तीचा सगळा कोड डाउनलोड केला, त्यातल्या सॅम्पल्स फोल्डरमधल्या एलईडी लुकलुकवणाऱ्या उदाहरणाची प्रत काढली आणि तिच्यातच आमचे अ‍ॅप्लिकेशन लिहीत गेलो. बोर्डाची व्याख्या, म्हणजे आमच्या सर्किटवर काय कुठे जोडले आहे याचे वर्णन, झेफरच्या बोर्ड्स फोल्डरमध्ये गेली आणि पाण्याची पातळी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचा ड्रायव्हर (त्याच्याशी बोलणारा कोड) झेफरच्या सेन्सर ड्रायव्हरांच्या शेजारी जाऊन बसला. दोन वर्षे त्याने काही अडले नाही, कारण आम्ही आवृत्ती बदललीच नाही.

अडचण ३.७ वर जायचे ठरल्यावर आली. २.७ ही ऑक्टोबर २०२१ ची दीर्घ मुदतीची आवृत्ती होती आणि तशीच पुढची ३.७ जुलै २०२४ मध्ये आली. मधल्या काळात हेडर फाइलींच्या नावांआधी झेफर हा उपसर्ग लागला होता, आणि ३.७ मध्ये तर बोर्डांची मांडणीच नव्या पद्धतीने झाली, म्हणजे पूर्वी प्रोसेसरच्या जातीनुसार असलेली फोल्डरे आता उत्पादकांच्या नावाने लागली. नवा कोड जुन्यावर मर्ज करायला (मिसळायला) घेतला तेव्हा कॉन्फ्लिक्टची, म्हणजे दोघांनी एकाच जागी केलेल्या बदलांची, यादी इतकी लांबली की त्यातले आमचे बदल कोणते आणि झेफरचे कोणते हेच कळेनासे झाले. नव्याने रुजू झालेल्या मुलाने त्या दिवशी मला विचारले, “मॅडम, यातलं आपलं नक्की काय आहे?” माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ज्याच्यावर लोकांच्या घरचे पाणी अवलंबून आहे त्या कोडाबद्दल असे व्हावे हे मला फार लागले.

म्हणून मर्ज थांबवला आणि आधी आमचे काय ते शोधले. झेफरच्या रिपॉझिटरीतून (कोड आणि त्याचा इतिहास ठेवण्याच्या जागेतून) २.७ चा मूळ टॅग, म्हणजे त्या आवृत्तीची खूण लावलेला कोड, वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवला आणि आमच्या प्रतीशी ताडून पाहिला. अ‍ॅप्लिकेशन, बोर्ड आणि ड्रायव्हर हे अपेक्षित होते. त्याशिवाय कर्नलच्या केकॉन्फिग फाइलीत (झेफरच्या पर्यायांच्या यादीत) मेन थ्रेडच्या स्टॅकचा, म्हणजे मुख्य कामाला राखलेल्या मेमरीचा, मूळ आकार १०२४ वरून २०४८ बाइट केलेला सापडला, जो खरे तर आमच्या पीआरजे डॉट कॉन्फ या अ‍ॅप्लिकेशनच्या सेटिंग्जच्या फाइलीत एका ओळीने लिहायचा असतो. शिवाय यूएआरटीच्या (सेन्सरकडून बाइट घेणाऱ्या सीरियल जोडणीच्या) ड्रायव्हरमध्ये एक अट बदललेली होती. ती कोणी आणि का बदलली याची नोंद कुठेच नव्हती, कारण कोड झिप फाइलीतून आला होता आणि बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधला त्याचा इतिहास पहिल्या दिवसापासूनच तुटलेला होता.

झेफरच्या कागदपत्रांत अ‍ॅप्लिकेशन ठेवण्याचे तीन प्रकार दिलेले आहेत: झेफरच्या रिपॉझिटरीच्या आत, लागणाऱ्या सगळ्या रिपॉझिटरी उतरवणाऱ्या वेस्ट या साधनाच्या वर्कस्पेसमध्ये (त्या सगळ्यांच्या सामायिक फोल्डरात) झेफरच्या शेजारी, किंवा वर्कस्पेसच्याही पूर्ण बाहेर कुठेही. आम्ही मधला निवडला. त्यात मॅनिफेस्ट, म्हणजे कोणती रिपॉझिटरी कोणत्या आवृत्तीची हवी हे सांगणारी वेस्ट डॉट वायएमएल ही फाइल, आमच्या रिपॉझिटरीत राहते आणि झेफर हे त्या मॅनिफेस्टमध्ये नोंदवलेले एक अवलंबित्व होते. केंद्रस्थानी आमचा प्रकल्प असतो. झेफर प्रकल्पाने याच मांडणीचा नमुना म्हणून एक्झाम्पल अ‍ॅप्लिकेशन नावाची रिपॉझिटरी ठेवली आहे, आणि ती समोर उघडी ठेवूनच मी आमची फोल्डरे आखली: अ‍ॅप, बोर्ड्स, ड्रायव्हर्स, डीटीएसच्या (हार्डवेअरचे वर्णन असलेल्या डिव्हाइसट्रीच्या) आत बाइंडिंग्ज, म्हणजे त्या वर्णनाचे नियम, आणि झेफर नावाच्या छोट्या फोल्डरात मॉड्यूल डॉट वायएमएल.

मॅनिफेस्टमध्ये झेफरची आवृत्ती मेन ब्रँचवर (सतत बदलणाऱ्या मुख्य शाखेवर) न ठेवता ३.७.० या टॅगला बांधली. झेफर आपल्यासोबत सगळ्या उत्पादकांची हार्डवेअर लायब्ररी ओढून आणतो आणि सगळे उतरवायचे म्हटले तर ते काही जीबी भरते. आमच्या बोर्डाला सीएमसिस (प्रोसेसरच्या गाभ्याची लायब्ररी) आणि एसटीएम३२ चे हाल (त्या चिपची हार्डवेअर लायब्ररी) एवढेच लागते, म्हणून इम्पोर्टखाली नेम अलाउलिस्टमध्ये, म्हणजे फक्त हव्या त्या नावांच्या यादीत, तीच दोन नावे लिहिली. गाळ्यातल्या मंद इंटरनेटवर हा फरक जाणवण्याजोगा होता.

बोर्डाने मात्र माझा एक आख्खा दिवस खाल्ला. नव्या पद्धतीप्रमाणे बोर्ड डॉट वायएमएल लिहिली, केकॉन्फिगमध्ये चिपची निवड केली, डिव्हाइसट्री दुरुस्त केली आणि सीमेकलिस्ट्स फाइलीत (बिल्डचे साधन सीमेक वाचते त्या फाइलीत) बोर्ड रूटच्या, म्हणजे बोर्ड कुठे शोधायचे त्या जागांच्या, यादीत आमचा फोल्डर जोडला. तरीही प्रत्येक बिल्डला एकच उत्तर येई, की या नावाचा बोर्ड सापडला नाही. मी नावाचे स्पेलिंग तपासले, मार्ग पूर्ण लिहून पाहिला, बिल्ड फोल्डर पुसून पुन्हा चालवले. संध्याकाळी लक्षात आले की बोर्ड रूटची ओळ मी झेफरचे पॅकेज शोधणाऱ्या ओळीच्या खाली लिहिली होती. सीमेक फाइल वरून खाली वाचतो आणि बोर्डाचा शोध त्या पॅकेजच्या ओळीवरच पुरा होतो, त्यामुळे खाली दिलेला पत्ता त्याच्या उपयोगाचाच नसतो. ओळ वर नेली आणि बिल्ड झाला. पुढे तीही काढून टाकली, कारण मॉड्यूल डॉट वायएमएलच्या सेटिंग्जमध्ये बोर्ड रूट आणि डीटीएस रूट लिहिले की मॅनिफेस्टची रिपॉझिटरी स्वतःच मॉड्यूल म्हणून ओळखली जाते आणि आमचे सगळे अ‍ॅप त्याचा लाभ घेतात.

ड्रायव्हरचे काम त्या मानाने सरळ झाले. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला हा सेन्सर ९६०० बॉडवर (सीरियल जोडणीच्या वेगावर) चार बाइट पाठवतो: पहिला कायम एफएफ, मग अंतराचे दोन आणि शेवटी चूक पकडणारा चेकसम. झेफरच्या सेन्सर फोल्डरातल्या केकॉन्फिग आणि सीमेक फाइलींत घुसवलेल्या आमच्या ओळी काढल्या आणि त्याच आमच्या ड्रायव्हर्स फोल्डरात लिहिल्या. ड्रायव्हरच्या सी फाइलीत हेडरांची नावे सोडली तर काही बदलावे लागले नाही. बाइंडिंगमध्ये आमच्या नावाचा उपसर्ग वापरल्यामुळे अनोळखी उत्पादक असा इशारा येत होता. तो आमच्याच बाइंडिंग्जखाली उपसर्गांची फाइल ठेवल्यावर गेला.

सगळ्यात मोठी भीती मात्र सगळे मांडून झाल्यावर वाटली. यूएआरटीमधली ती अनोळखी अट काढून पाहिली तर पंप चालू होताना सेन्सरचे वाचन अधूनमधून अडकत असे, म्हणजे बदल गरजेचा होता. माझ्या सहकाऱ्याने वर्कस्पेसमधल्या झेफर फोल्डरातच तो नीट लिहून कमिट केला (गिटमध्ये नोंदवला). दुसऱ्या दिवशी त्याने वेस्ट अपडेट चालवले आणि बदल दिसेनासा झाला. वेस्ट अपडेट प्रत्येक रिपॉझिटरीला मॅनिफेस्टने सांगितलेल्या कमिटवर नेऊन उभे करते, कोणत्याही ब्रँचवर नाही. त्यामुळे तिथे केलेला कमिट कोणत्याच ब्रँचच्या मालकीचा नसतो आणि पुढच्या अपडेटला मागे पडतो. गिटच्या रेफलॉगमध्ये (आधी कोणकोणत्या कमिटवर होतो याच्या नोंदीत) तो मिळाला, आम्ही त्याला ब्रँचचे नाव दिले आणि दिवसभराची मेहनत वाचली.

त्यानंतर नियम केला की वर्कस्पेसमधल्या झेफर फोल्डरात कोणी हात घालायचा नाही. झेफरमध्येच बदल करणे भाग असेल तर आमच्या फोर्कमध्ये (झेफरच्या आमच्या स्वतंत्र प्रतीत) नाव असलेल्या ब्रँचवर करायचा आणि मॅनिफेस्टमध्ये झेफरचा पत्ता त्या फोर्ककडे वळवून रिव्हिजनला कमिटचा पूर्ण हॅश (त्याची ओळखखूण) लिहायचा, म्हणजे आम्ही झेफरपेक्षा किती वेगळे आहोत हे त्या एका ओळीवरून कोणालाही दिसते. प्रत्येक फर्मवेअर बाहेर पाठवताना वेस्टच्या फ्रीझ पर्यायाने सगळ्या रिपॉझिटरींचे नेमके हॅश असलेला मॅनिफेस्ट काढून फर्मवेअरसोबत जपून ठेवतो, जेणेकरून एखाद्या सोसायटीतून तक्रार आली तर तिच्या उपकरणात असलेलाच कोड पुन्हा बांधता येतो.

मागच्या आठवड्यात त्याच मुलाने नव्या लॅपटॉपवर वेस्ट इनिट आणि वेस्ट अपडेट चालवून, मला एकही प्रश्न न विचारता, बोर्डात फर्मवेअर भरले. आता आमच्या फोर्कमध्ये फक्त यूएआरटीची ती एक दुरुस्ती उरली आहे. अडकणारे वाचन प्रयोगशाळेत पुन्हा घडवून दाखवणारी छोटी चाचणी लिहून मी ती झेफर प्रकल्पाकडे पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) म्हणून पाठवली आहे. ती स्वीकारली गेली की मॅनिफेस्टमधला फोर्कचा पत्ता काढून तिथे मूळ झेफरचा पत्ता पुन्हा लिहायचा आहे.