कृतिपत्रिकेतला पहिला प्रश्न

चिकित्सक विचार शिकवण्यासाठी मी १९९७ सालचा 'गॅटाका' हा चित्रपट निवडला, त्यामागे थोडा आळसही होता. त्यातले जग इतके उघड अन्यायी आहे की चर्चा आपोआप रंगेल, असा माझा हिशेब होता. अँड्र्यू निकोल यांनी रंगवलेल्या त्या समाजात, जन्माआधीच जनुके पारखून घेतलेल्यांना मानाच्या नोकऱ्या मिळतात. नैसर्गिकरीत्या जन्मलेल्या व्हिन्सेंटच्या रक्ताचा थेंब तपासून परिचारिका सांगते: हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के, अपेक्षित आयुर्मान ३०.२ वर्षे. मोठेपणी तो जेरोम नावाच्या 'निर्दोष' माणसाची ओळख उसनी घेऊन अवकाश मोहिमेत शिरतो.

चित्रपट संपल्यावर मी कृतिपत्रिका वाटली. पहिला प्रश्न होता, 'हा समाज व्हिन्सेंटवर कोणकोणते अन्याय करतो?' सगळे लिहू लागले. एका मुलीचा कागद मात्र कोरा होता.

"मॅडम, अन्याय झाला हे तुम्ही आधीच ठरवलंय. आम्ही फक्त यादी करायची का?"

मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. तिने ट्रेडमिलचा प्रसंग पुन्हा दाखवण्याची विनंती केली. व्हिन्सेंट धावतो आहे आणि तपासनिसांना ऐकू येणारे संथ ठोके दुसऱ्याच्या हृदयाचे, आधीच मुद्रित केलेले आहेत. ते मुद्रण संपताच तो कसाबसा बाहेर पडतो आणि छाती धरून कोसळतो. पहिल्यांदा पाहताना आम्ही सगळ्यांनी, तो पकडला जाऊ नये म्हणून श्वास रोखला होता.

"याचं हृदय खरंच कमजोर आहे," ती म्हणाली. "आणि हा शनीच्या टायटन या चंद्राकडे निघालाय. सोबतच्या लोकांना कुणी विचारलंय?"

एका मुलाने हरकत घेतली, की तो भाकितापेक्षा जास्त जगला, म्हणजे भाकीत खोटे ठरले. इथे मात्र मला थांबावेच लागले. आयुर्मान ही सरासरी असते, कोणी तिच्या अलीकडे जातो, कोणी पलीकडे. एकाने ती ओलांडली म्हणून आकडा खोटा ठरत नाही. उलट, ९९ टक्के शक्यता म्हणजे नेमकी कोणत्या वयापर्यंतची, हे परिचारिका सांगतच नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, "जे दारातच कोसळले असतील, त्यांच्यावर चित्रपट कोण काढणार?" माझ्या कृतिपत्रिकेतल्या बारा प्रश्नांपैकी एकही या वाक्याच्या जवळपास पोहोचणारा नव्हता.

मग वर्ग दुसऱ्या टोकाला गेला आणि निम्मी मुले चक्क त्या अवकाश मोहिमा आखणाऱ्या संस्थेची बाजू घेऊ लागली. त्यांना आवरले तेही त्याच मुलीने. व्हिन्सेंटची निवड होते तो प्रसंग तिने आठवून दिला: लघवीची तपासणी होते, आणि हीच मुलाखत होती असे त्याला कळते. वैमानिकाचे हृदय आजही तपासतातच, त्यात गैर काही नाही. पण आज धडधडणारे हृदय तपासणे वेगळे आणि जन्माच्या दिवशी काढलेल्या टक्केवारीवरून माणसाला काही विचारायचेच नाही, हे वेगळे, असा तिचा मुद्दा होता. तो सर्वांना पटला नाही. तास संपला तरी वाद चालूच होता.

दुसऱ्या तुकडीला मी कृतिपत्रिकेऐवजी कोरे कागद दिले. त्यांनी ट्रेडमिलचा विषयही काढला नाही. त्यांचा सगळा तास, निर्दोष जनुके असूनही जेरोमला पोहण्याच्या स्पर्धेत रौप्यपदकच का मिळाले, यावर गेला.