खांद्यावरचं कोकरू

मी पोलीस पाटील आहे. पद १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याखालचं. गणवेश नाही, मानधन आहे, आणि गावातलं प्रत्येक भांडण आधी माझ्या ओट्यावर येतं. गावातलं ग्रामसुरक्षा दल मीच उभं केलं. बावीस पोरं, रात्री अकरा ते चार. प्रत्येक पाळीत मुद्दाम वेगवेगळ्या आळीची पोरं घातली. एकाच भावकीची पाळी असली की ती दुसऱ्या भावकीच्या गोठ्याकडे फिरकत नाही. शिट्टीच्या खुणा ठरवल्या. एक लांब म्हणजे या, दोन आखूड म्हणजे सगळं ठीक. दल उभं राहिल्यापासून विहिरीवरची एकही मोटार गेली नाही.

२०२४ चा जुलै. चोर ड्रोननं टेहळणी करतात अशा बातम्यांनी मराठवाड्यातली गावं रात्ररात्र जागत होती, आमचंही. सव्वाला फोन आला, "वहिनी, ओढ्याच्या कडेनं एकजण करडू खांद्यावर टाकून चाललाय. हाक मारली तर पळतोय."

गावातल्या सगळ्या मोबाइलवर एकदम निरोप जाईल अशी सोय आहे. नाव, ठिकाण आणि दिसलं तेवढंच बोलायचं, हे मीच पोरांकडून घोकून घेतलेलं. मी बोलले, "ओढ्याला चोर सापडलाय, या."

दहा मिनिटांत दोनशे माणूस जमलं. मी पोचेपर्यंत त्याचा ओठ फुटला होता. कोणीतरी म्हणालं, "ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडा." माझे हातपाय गार पडले. १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच डवरी गोसाव्यांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीतच ठार मारलं होतं. मी त्याचा दंड धरला, घरी आणला, सासूबाईंच्या खाटेशेजारी बसवला आणि दारात उभी राहिले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० ओरडून सांगितलं: डोळ्यांदेखत मोठा गुन्हा झाला तरच धरता येतं, सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावं लागतं, मारायचा हक्क कुणालाच नाही. कलमाला कोणी भीक घातली नाही. सासूबाईंसमोर हात उचलायची मात्र लाज वाटली.

११२ ची गाडी पन्नास मिनिटांनी आली. एवढ्या गावांना रात्री एक गाडी. त्या शिपायांना काय बोलायचं? बैठकीत लोकसहभागावर तासभर बोलणाऱ्या साहेबांनी एक रात्र त्या गाडीत काढावी.

तोवर सासूबाईंनी त्या पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला होता. "अगं, लोकर हाय. कोकरू हाय हे."

मेंढपाळ होता. तळ पुढच्या शिवारात, मागं राहिलेलं कोकरू घेऊन चालला होता. पळालास का, विचारलं. "एवढ्या बॅटऱ्या अंगावर आल्या, बाई."

तक्रार लिहून घेऊ का म्हटलं. नको म्हणाला. "दरसाल याच वाटेनं जायचं असतं आम्हाला."

गस्तीच्या वहीत त्या रात्रीची ओळ माझ्या अक्षरात आहे: संशयित इसमास विचारपूस करून सोडले. ओठाचं मी लिहिलं नाही. निरोपात मी कोणता शब्द वापरला, तेही नाही.