काटोलकडची सेंद्रिय शेतं पाहायला जाणाऱ्यांसाठी

नागपूर ते काटोल सुमारे ६० किलोमीटर, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कस लागतो तो पांदणीत, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेत. ‘शेत इथंच आहे, पाच मिनिटं’ ऐकून गाडी आत घालू नका. ओली काळी माती चाक आणि मडगार्डमध्ये गच्च बसते, मग दुचाकी ढकलताही येत नाही. गाडी डांबरीवर ठेवा. उघाडीचे दोन दिवस जाऊ द्या, मधल्या चाकोरीतून न जाता कडेच्या गवतावरून चाला. गमबूट रुतून बसतात. गावकरी चपला हातात घेतात ते उगाच नाही.

डांबरीलगतचा पाटीवाला ‘सेंद्रिय प्लॉट’ पाहून परतणं म्हणजे दिवस वाया. तिथं जीवामृताचे, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या द्रवखताचे, कॅन विकतात. एक रुपयाही देऊ नका, ते घरीच होतं. २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, मूठभर माती. सावलीत ४८ तास, रोज दोनदा ढवळायचं. एकराला पुरतं आणि आठवड्यात संपवायचं असतं. बंद कॅनमधलं कधीचं आहे कोण सांगणार?

पाहायचं ते आत, जुलै-ऑगस्टमध्ये. एका धुऱ्याअलीकडे तणनाशक मारलेलं स्वच्छ सोयाबीन, पलीकडे गवतात उभी सेंद्रिय पऱ्हाटी, म्हणजे कापूस. ‘त्याचं शेत गवतात गेलं’ हे पारावरचं बोलणं शेतकऱ्याला झोंबतं. माझं स्पष्ट मत: उत्पन्न घटण्याआधीच या बोलण्यानं अनेकजण माघार घेतात. चांगल्या शेतकऱ्याची ओळखच निंदलेल्या, म्हणजे तण काढलेल्या, शेतावरून ठरते.

उपाय डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधून बैलांचा डवरा फिरवून तण काढणं. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात पहिली, पुढे ओळी पानांनी मिळेपर्यंत एक-दोन, प्रत्येक वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली की. झडीत वाफसा हुकला की तण डवऱ्याला ऐकत नाही, मग निंदणाची मजुरी अंगावर येते. भाड्याचे बैल नेमके त्याच दिवशी दुसऱ्याच्या शेतात असतात. म्हणून ज्याच्या दावणीला स्वतःची जोडी आहे, तोच यात टिकतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी गोठ्यात जा. लोणी-हळद लावून पळसाच्या पानानं बैलाची खांद शेकणारा माणूस शेणखताचा हिशेबही तोंडपाठ सांगतो. पोळ्याला मात्र डवरणी दाखवा म्हणू नका, त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू चढत नाही.

‘रसायन टाकता का?’ विचारून काही हाती लागत नाही. ‘डवरतं कोण, बियाणं कुठलं?’ विचारा. बीटी, म्हणजे जनुक बदललेला, कापूस सेंद्रिय प्रमाणपत्रात बसत नाही आणि दुकानात बिगर-बीटी बियाणं सहज मिळत नाही.

संत्र्याला कुणी सेंद्रिय भाव सांगितला तर कागद मागा. राष्ट्रीय सेंद्रिय मानकांत कापसासारख्या हंगामी पिकाला रूपांतराचे, म्हणजे रसायन सोडून सेंद्रिय ठरण्याचे, २४ महिने, फळबागेला ३६. तेवढे झाले नसतील तर साध्या भावानंच घ्या.