परकर-पोलक्याचे वय

गेल्या दिवाळीत आत्याने जुन्या ट्रंकेतून एक जांभळे परकर-पोलके काढून माझ्या हाती ठेवले आणि "हे तुझ्या पणजीच्या लग्नातलं, १९०८ सालचं," असे इतक्या ठामपणे सांगितले की, त्यावर शंका घेणे मला उद्धटपणाचे वाटले. तरीही शंका आलीच. लग्न म्हटले की नवरीच्या अंगावर अष्टपुत्री किंवा शालू यायचा, मग ती नवरी दहा वर्षांची का असेना. परकर-पोलके ही तिची घरात वावरतानाची वस्त्रे. म्हणून मी ते पांढऱ्या चादरीवर पसरले आणि पुढचे तीन रविवार भिंग घेऊन त्याच्यासमोर बसले.

पहिला धागा सापडला तो पोलक्याच्या डाव्या बाहीवर. तिथे जरीत विणलेला एक पोपट आहे, पण त्याची मान खांद्याच्या शिवणीत गेली आहे. पोलक्यासाठीच विणलेल्या कापडात पोपटाचा असा शिरच्छेद कोणी करणार नाही. बाही उलटून पाहिली, तर पोपट आतूनही तसाच स्वच्छ, कुठे लोंबता धागा नाही. पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी अशी सारखीच दिसते, म्हणजे हा पैठणीच्या पदराचा तुकडा. परकराचा घेरही काठासह लुगड्यातूनच कापलेला निघाला. त्याहून मोलाची गोष्ट परकराच्या मागच्या बाजूला होती. तिथे बोटभर लांबीचे सुबक रफू आहे आणि ते अर्धे शिवणीच्या आत दाबले गेले आहे. याचा अर्थ रफू आधीचे, शिवण नंतरची. लुगडे भरपूर नेसले गेले, विरले, रफू केले गेले आणि मगच त्याला कात्री लागली.

आपल्याकडच्या जुन्या कपड्यांची हीच गंमत आहे आणि अडचणही. रेशीम टाकून देण्याची पद्धत नव्हती. लुगड्याचा परकर, परकराची कुंची, उरलेल्या तुकड्यांची वाकळ किंवा पिशवी, असा त्याचा प्रवास चालायचा. त्यामुळे "हा कपडा कधीचा?" या प्रश्नाचे उत्तर एका सालात मावत नाही. कापड, शिलाई आणि दुरुस्ती यांची वये वेगवेगळी काढावी लागतात.

कापडाच्या वयाबद्दल रंग थोडेसेच सांगतो. नेफ्याच्या आत उजेड न लागलेल्या जागी हा जांभळा भडक आहे आणि बाहेर विटून राखट झाला आहे. सुरुवातीचे रासायनिक जांभळे रंग उजेडात असेच विटत. विल्यम पर्किन या रसायनशास्त्रज्ञाने लंडनमध्ये असा पहिला कृत्रिम रंग १८५६ मध्ये तयार केला, तेव्हा हा रंग त्याच जातीचा असेल, तर कापड त्या आधीचे नाही, एवढेच म्हणता येते. काठाच्या सुटलेल्या टोकातला जरीचा धागा भिंगाखाली उलगडला, तर रेशमी धाग्यावर गुंडाळलेली काळवंडलेली चांदीची तार दिसते. प्लॅस्टिकच्या चकचकीत पट्टीचा जरीचा धागा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. तो इथे कुठेही नाही.

शिलाईकडे वळल्यावर मात्र पुरावे भराभर मिळू लागले. लांब शिवणी यंत्रावरच्या आहेत, वरचा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकवणाऱ्या टिपेच्या. काजी आणि खालची दुमड हातची आहे. पोलक्याला मांजरपाटाचे अस्तर आहे आणि त्याच्या कडेला निळसर गिरणी-छापाचा तुकडा शिल्लक आहे: एक इंग्रजी आकडा आणि यार्डाची अक्षरे. गिरणीच्या कापडाच्या तुकड्यावर त्याची लांबी यार्डात छापण्याचे बंधन १८८९ च्या कायद्याने आले आणि १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आल्यावर यार्ड मागे पडले. एका फिकट छापाने सत्तर वर्षांची चौकट आखून दिली. ती चौकट अरुंद केली ती आजीच्या एका छायाचित्राने. आठ-नऊ वर्षांची आजी स्टुडिओतल्या खुर्चीला टेकून उभी आहे आणि तिच्या डाव्या बाहीवर तोच बिनमानेचा पोपट! आजीचा जन्म १९२२ चा, म्हणजे शिलाई १९३० च्या सुमाराची. (हे छायाचित्र भिंतीवर पन्नास वर्षे टांगलेले होते. भिंगाआधी मी तिकडे मान वर करून पाहायला हवे होते.)

तरी टिचबटणांनी मला दोन दिवस चकवले. टिचबटणाचे पेटंट जर्मनीतले, १८८५ चे, त्यामुळे १९३० च्या पोलक्याला ती असायला हरकत नव्हती. पण बटणाखाली जुन्या हुकांची भोके आणि गंजाचे डाग दिसले, आणि बटणे लावलेला दोराही निराळा वाटला. नोटा तपासायची अतिनील बॅटरी अंधारात धरली, तेव्हा तो दोरा निळसर पांढरा चमकला. कापडाला शुभ्रता देणारी अशी चमकती द्रव्ये १९४० नंतर रुळली. मात्र टिनोपाल घालून धुतलेले जुने सुती कापडही असेच चमकते, तेव्हा एवढ्यावर विसंबणे बरे नव्हते. म्हणून दोऱ्याचे एक सुटे टोक चिमट्यात धरून मूळ कपड्यापासून लांब, ओट्यावर जाळले. सूत जळताना कागदासारखा वास येतो, रेशीम जळताना केसासारखा. हा दोरा मात्र वितळून त्याचा टणक मणी झाला. नायलॉनची घोषणाच १९३८ ची, म्हणजे बटणे आजीच्या बालपणानंतरची. परकराच्या तळाशीही एक टक (कापड दुमडून घातलेली शिवण) सोडवलेली आहे. तिथे न विटलेल्या जांभळ्याची बोटभर पट्टी दिसते आणि नवी दुमड त्याच चमकत्या दोऱ्याने घातली आहे.

हे सारे आत्याला फोनवर सांगितले, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अगं, चौसष्ट सालच्या गॅदरिंगला मीच घातलं होतं की ते! आईने रात्री बसून लांब करून दिलं होतं." हे तिने दिवाळीतच सांगितले असते, तर माझा एक रविवार वाचला असता.

आता परकर-पोलके धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवले आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि जरीची तार आणखी काळी पडते. घडीची जागा दर सहा महिन्यांनी बदलायची, कारण रेशीम घडीवरच आधी तुटते. सोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आहे. शिलाई: १९३० च्या सुमारास, आजीसाठी. टिचबटणे व लांबी: १९६४, आत्यासाठी. कापडाच्या ओळीत मी "१९३० च्या बरेच आधीचे, पैठणी" एवढेच लिहिले होते. आत्याने ती चिठ्ठी वाचून माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि पुढे लिहिले, "लग्नातली." तिच्या अक्षरातला तो शब्द मी खोडलेला नाही, पुढे फक्त "असे आत्या सांगते" एवढे जोडले आहे.