एल्क माउंटनच्या चौकटीत एल्कची शिकार : हद्द, कोपरे आणि मांस बाहेर काढण्याचा हिशेब

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात लारामी शहरातून इंटरस्टेट ८० ने पश्चिमेला निघालं की साधारण ९० किलोमीटरवर वायोमिंग ७२ या राज्यमार्गाचा फाटा येतो. डावीकडे एकटाच उभा असलेला डोंगर त्याआधीपासून दिसत असतो. तोच एल्क माउंटन, उंची ११,१५६ फूट. फाट्याच्या दक्षिणेला, मेडिसिन बो नदीकाठी, त्याच नावाचं छोटं गाव आहे. डोंगरावर सरकारी जमीन आहे, एल्क (सांबराच्या जातकुळीतलं मोठं हरीण) आहेत. अडचण आहे ती तिथवर पोचण्याची, आणि ती चढणीची नाही, हद्दीची आहे.

कारण रेल्वे. १८६२ आणि १८६४ च्या कायद्यांनी युनियन पॅसिफिक कंपनीला रुळाच्या दोन्ही बाजूंना २० मैलांपर्यंत एक सोडून एक चौरस मैल जमीन मिळाली. प्रत्येक चौकट ६४० एकरांची, तिला तिकडे सेक्शन म्हणतात. विषम क्रमांकाची सेक्शन रेल्वेला गेली आणि पुढे पशुपालकांनी विकत घेतली. सम क्रमांकाची सरकारकडे राहिली. नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. दोन सरकारी चौकटी एकमेकींना फक्त कोपऱ्याच्या टोकाला टेकतात, बाजू कुठेच सामायिक नसते.

आपल्याकडे शेताला वाट नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो. वायोमिंगमध्ये तसा आधार मिळाला नाही. एल्क माउंटन ज्या कार्बन काउंटीत (जिल्ह्यात) आहे, तिथल्याच सेमिनो जलाशयाकडे जाणाऱ्या रस्त्याचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७९ मध्ये निकाल लागला की, अशा चौकटींमधून रस्ता काढण्याचा हक्क सरकारने न सांगता राखून ठेवला होता असं धरता येणार नाही. त्यानंतर उरला तो फक्त कोपरा.

२०२० आणि २०२१ मध्ये मिझुरीच्या शिकाऱ्यांनी याच डोंगरावर कोपऱ्यावरून एका सरकारी चौकटीतून पलीकडच्या सरकारी चौकटीत पाऊल टाकलं. कोपऱ्यावर दोन लोखंडी खांब साखळीने बांधलेले होते, म्हणून दुसऱ्या वर्षी त्यांनी घोड्यासारखी दुपाखी शिडी आणली. एप्रिल २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांना अतिक्रमणाच्या आरोपातून निर्दोष सोडलं. तिथल्या सुमारे २२,००० एकरांच्या रँचच्या (खासगी कुरणाच्या) मालकाने लावलेला दिवाणी दावाही मे २०२३ मध्ये संघीय न्यायालयात फेटाळला गेला, १८ मार्च २०२५ ला दहाव्या सर्किटच्या (काही राज्यांच्या न्यायालयीन विभागाच्या) अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. निकालाचा पाया १८८५ चा कायदा आहे : सरकारी जमिनीकडे जाणारी वाट कुंपण घालून अडवायची नाही.

हा निकाल नीट वाचला पाहिजे, कारण त्याचा अर्थ फार ताणला जातोय. तो लागू आहे वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा या सहा राज्यांना. मोंटाना नवव्या सर्किटमध्ये येतं. तिथलं वन्यजीव खातं कोपरा ओलांडणं आजही बेकायदेशीर धरतं. शिवाय निकालात बसतं ते पायी जाणं, खासगी जमिनीला पाय न लावता आणि काहीही न मोडता. आणि तो संघीय जमिनीबद्दल आहे. प्रत्येक टाउनशिपमधली (३६ सेक्शनच्या गटातली) १६ आणि ३६ क्रमांकाची सेक्शन बहुधा राज्याच्या शाळा-निधीची असतात. क्रमांक सम दिसला म्हणून ती याच निकालात धरू नका. त्यांवर मुक्काम आणि शेकोटीलाही बंदी आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. राज्याबाहेरच्यांचे एल्क परवान्याचे अर्ज जानेवारीत सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला बंद होतात. परवाना सोडतीने मिळतो. जन्म १ जानेवारी १९६६ चा किंवा त्यानंतरचा असेल तर शिकार-सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. बंदुकीच्या हंगामात भगवा किंवा गुलाबी फ्लुरोसंट रंगाचा एक तरी कपडा सगळ्यात वर हवा, टोपीही चालते. अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची : एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हा संघीय गुन्हा आहे, आणि त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक म्हणजे मुदतीतला शिकार परवाना. म्हणजे क्रम आधी परवाना, मग बंदूक, असा. सरावासाठी मित्राची रायफल हातात घेतानाही परवाना खिशात हवा. ग्रीन कार्ड असेल तर ही अट नाही.

आता कोपरा. ऑनएक्ससारखं ॲप मालकी दाखवतं आणि त्याच्याशिवाय नियोजन होत नाही, पण फोनचा जीपीएस उघड्या आकाशाखाली साधारण ५ मीटर इकडेतिकडे असतो, झाडीत आणि घळीत त्याहून जास्त. ॲपमधली रेषाही काही ठिकाणी जागेवरच्या मोजणीशी जुळत नाही. कोपरा म्हणजे एक बिंदू. तो पडद्यावर सापडत नाही, जमिनीवर शोधावा लागतो. शोधायचा तो मोजणीचा दगड. बऱ्याच ठिकाणी लोखंडी नळीवर बसवलेली पितळी चकती असते आणि तिच्यावर भोवतालच्या सेक्शनचे क्रमांक कोरलेले असतात. जुन्या ठिकाणी नुसता खाचा पाडलेला दगड असतो. उदाहरणार्थ चकतीवर १४, १५, २२ आणि २३ असतील, तर २२ नैर्ऋत्येला आणि १४ ईशान्येला असतं. पाऊल २२ मधून उचलायचं आणि थेट १४ मध्ये ठेवायचं. शिडी वापरायची तर तिचे पायही याच दोन चौकटींत टेकले पाहिजेत. चकती किंवा दगड हलवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. कुंपणाचा कोपरा म्हणजे हद्दीचा कोपरा असंही समजू नका; कुंपण अनेकदा सोयीच्या जागेवरून गेलेलं असतं. चकती सापडलीच नाही तर तो कोपरा सोडून द्यावा. उजेडात आदल्या दिवशी जाऊन खूण पाहावी, तिचा फोटो घ्यावा, ओलांडतानाही व्हिडिओ काढावा. पहाटेच्या अंधारात, बॅटरीच्या उजेडात खूण शोधायला लागणं ही हमखास होणारी चूक आहे.

पहिल्या कोपऱ्यापर्यंत पोचण्याचा रस्ताही सार्वजनिक हवा. काउंटीचा रस्ता जिथे संपतो तिथून पुढची मातीची वाट कितीही मळलेली असली तरी ती रँचची असू शकते. वायोमिंगमध्ये जमिनीवर पाटी नसली तरी शिकारीसाठी आत जायला मालकाची परवानगी लागते. शिकारीला जाताना नुसतं पार होण्यालाही तेच लागू आहे.

एल्क हा सांबराचा नातलग, पण कळपाने राहणारा आणि दबाव ओळखणारा. हंगामाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर कळप जिथे माणूस येत नाही तिथे सरकतात, म्हणजे बहुतेकदा खासगी कुरणात. रात्री तिथल्या गवतावर चरायचं आणि उजाडताना झाडीत बसायला वर यायचं, हा त्यांचा नेम. झाडी सरकारी चौकटीत येत असेल तर तीच तुमची जागा. सूर्य येण्याआधी थंड वारा उतारावरून खाली वाहतो, ऊन तापलं की वर चढतो. म्हणून पहाटे कळपाच्या खालच्या अंगाला आणि साडेनऊ-दहानंतर वरच्या अंगाला राहावं. पहाटे डोंगरमाथ्यावरून खाली उतरत गेलात तर तुमचा वास तुमच्या आधी पोचतो.

हद्दीपासून किमान ३०० मीटर आत असलेल्या जनावरावरच गोळी झाडावी, हे आमचं ठाम मत आहे. नीट लागलेला एल्कही पडण्याआधी बराच धावू शकतो, आणि खासगी चौकटीत जाऊन पडला तर परवानगीशिवाय त्यामागे जाता येत नाही. अशा वेळी बंदूक खाली ठेवून मालकाला विचारायचं. संपर्क होत नसेल तर गेम वॉर्डनला (वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याला) फोन करायचा. मांस वाया जाण्याची भीती खरी आहे, म्हणूनच चौकटीच्या काठावरची गोळी टाळायची.

आणि मग खरं काम सुरू होतं. मोठा नर साधारण ३२० किलोचा, हाडं काढल्यावर मांस ९० ते ११० किलो. मादीचं ६५ ते ७५. एका फेरीत २५-२८ किलोच्या वर पाठीवर घेऊ नये, कारण कोपऱ्यावर तोल गेला तर पाय पडतो तो खासगी जमिनीवर. एकट्याला नराच्या चार फेऱ्या लागतात. गाडी ४ किलोमीटरवर असेल तर चार वेळा जाणं आणि तीन वेळा परत येणं, एकूण २८ किलोमीटर. दोघांनी निम्म्या-निम्म्या फेऱ्या वाटून घेतल्या तर प्रत्येकी १२. ही बेरीज आदल्या रात्री नकाशावर करा. उत्तर न झेपणारं असेल तर जवळची चौकट निवडा.

परवान्यावरचं कुपन जनावराजवळून हलण्याआधी तारीख कापून, सही करून तोडायचं. पोट न फाडता, जनावर कुशीवर ठेवूनच सोलणं आणि पाय काढणं सोयीचं पडतं. सोबत सुती जाळीच्या पाच-सहा पिशव्या, बदलती पाती असलेली सुरी, १५ मीटर दोर. पुढचे पाय गुडघ्यापर्यंत, मागचे पाय घोट्यापर्यंत आणि मानेपासून मागच्या पायांपर्यंतचं पाठीचं मांस नेणं कायद्याने बंधनकारक आहे. लिंगाचा पुरावा एका तुकड्याला जोडलेला ठेवा. पिशव्या सावलीत, हवेशीर टांगा. मागच्या मांडीत हाडाजवळ उष्णता सगळ्यात जास्त वेळ टिकते आणि मांस तिथूनच खराब होतं.

कोपरे झेपणार नसतील तर राज्याच्या ॲक्सेस-येस योजनेतल्या वॉक-इन (पायी शिरून शिकार करता येणाऱ्या) जागा पाहा. मालकाने राज्याशी करार केलेला असतो, त्यामुळे वेगळं विचारावं लागत नाही. त्याच योजनेतल्या हंटर मॅनेजमेंट एरिया नावाच्या जागांसाठी मात्र खात्याच्या संकेतस्थळावरून मोफत परवानगीपत्र घ्यावं लागतं, आणि प्रत्येक जागेचे नियम वेगळे असतात. दक्षिणेला स्नोई रेंज या डोंगररांगेतलं मेडिसिन बो राष्ट्रीय वन सलग सार्वजनिक आहे. गर्दी जास्त, पण हद्दीची धास्ती कमी. वायोमिंगच्या घोषित वाइल्डरनेस (कायद्याने राखलेल्या रानटी) भागात मात्र बाहेरच्या शिकाऱ्याला गाइड किंवा स्थानिक रहिवासी सोबती लागतो.

समुद्रसपाटीवरून येणाऱ्यांनी दोन रात्री लारामीत काढाव्यात. ते गावच २,१८४ मीटरवर आहे. ऑक्टोबरातही बर्फ आणि वाऱ्याने लारामी-रॉलिन्स रस्ता बंद होतो, तेव्हा मांस थंड ठेवायला बर्फाचे डबे आणि एक दिवस हाताशी जादा ठेवा. हरणांमधला क्रॉनिक वेस्टिंग हा आजार या भागात आहे : डोकं आणि कणा राज्याबाहेर नेऊ नका, लसिका ग्रंथींचा नमुना तपासायला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस वेगळं, नाव घालून गोठवून ठेवा.