एका विनंतीसोबत सतरा मुक्काम

एखाद्या पानाची मागणी केल्यापासून ते पान पडद्यावर उमटेपर्यंत ती मागणी कुठून कशी जाते, हे मी अनेकदा वाचले होते. परंतु वाट नकाशावर वाचणे वेगळे आणि त्या वाटेने मजल दरमजल करत जाणे वेगळे. म्हणून एका रात्री मी संगणकावरील वायरशार्क ही, जाळ्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या मजकुराची पाहणी करणारी प्रणाली सुरू केली, ब्राउझरने आणि संगणकाने साठवून ठेवलेले सर्व पत्ते पुसून टाकले, दूरच्या एका संकेतस्थळाचे नाव टंकले आणि त्या एकाच विनंतीचा माग काढायचे ठरवले.

पहिले पॅकेट, म्हणजे जाळ्यावरून जाणारा मजकुराचा पहिला तुकडा, त्या संकेतस्थळाकडे गेलेच नाही. माझ्या संगणकाला केवळ नाव ठाऊक होते आणि जाळ्यात नावाने कोणी कोणाकडे पोहोचत नाही. त्यासाठी आकडी पत्ता लागतो. तेव्हा नावाचा आकडी पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरकडे, त्याच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवर म्हणजे दारावर, एक लहानशी पृच्छा गेली आणि काही मिलिसेकंदांत पत्ता हाती आला. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही व्यवस्था मांडण्यापूर्वी साऱ्या जाळ्यातील नावांची यादी एकाच फाइलमध्ये ठेवली जात असे आणि प्रत्येकाने तिची प्रत उतरवून घ्यायची, अशी रीत होती. आज ही यादी एका जागी कुठेच नाही. जो तो आपापल्या पायरीपुरते सांगतो आणि पुढच्याकडे बोट दाखवतो.

पत्ता मिळाल्यावर दोन टोकांमधली ने-आण सांभाळणाऱ्या टीसीपी या वाहतूक स्तराची ती प्रसिद्ध तीन पॅकेटे दिसली: माझ्याकडून हाक, पलीकडून होकार आणि त्या होकाराची माझ्याकडून पोच. त्यानंतर ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर, मजकूर कुलूपबंद करणाऱ्या टीएलएसची बोलणी सुरू झाली. २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या १.३ या आवृत्तीत ही बोलणी एकाच फेरीत उरकतात. माझ्या बाजूच्या पहिल्या संदेशात संकेतस्थळाचे नाव साध्या अक्षरांत स्पष्ट वाचता येत होते; पुढच्या काही क्षणांत मात्र दोन्ही टोकांनी समान किल्ली सिद्ध केली आणि तेथून पुढचा सारा मजकूर मला पाहणीच्या खिडकीतूनही वाचता येईना. खरी विनंती, म्हणजे अमुक पान द्या असे सांगणाऱ्या काही ओळी, या कुलूपबंद अवस्थेतच निघाली.

येथे मी बराच वेळ थांबलो, कारण माझ्या मते या प्रवासातील सर्वांत पाहण्याजोगे स्थळ हेच आहे. त्या पॅकेटचे बाइट मी एकेक करून वाचले. विनंतीभोवती टीसीपीचे किमान २० बाइटांचे शीर्षक होते, त्याभोवती आकडी पत्ते सांभाळणाऱ्या आयपीचे २० बाइटांचे आणि सर्वांत बाहेर, शेजारच्या यंत्रापर्यंत नेणाऱ्या इथरनेटचे १४ बाइटांचे. आयपीचे शीर्षक ४५ या षोडशमान (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेल्या) आकड्याने सुरू झाले होते: त्यातील ४ म्हणजे आयपीची चौथी आवृत्ती आणि ५ म्हणजे चार-चार बाइटांचे पाच गट, अर्थात ते २० बाइट. थोडे पुढे ४० आणि ०६ हे आकडे शेजारी शेजारी होते. षोडशमानातील ४० म्हणजे ६४, हे पॅकेटचे आयुष्य: वाटेत पॅकेटे पुढे धाडणारी यंत्रे, म्हणजे राउटर, ते किती ओलांडू शकते याची मर्यादा. ०६ म्हणजे आत टीसीपी आहे याची खूण.

आयपीच्या शीर्षकात दूरच्या सर्व्हरचा पत्ता होता, परंतु सर्वांत बाहेरच्या इथरनेटच्या पाकिटावर त्या सर्व्हरचा मागमूसही नव्हता. त्यावर होता माझ्या शेजारच्या राउटरचा ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राची स्वतःची ओळख. म्हणजे पत्र दूरच्या माणसाला लिहिलेले, पण पाकिटावर नाव फक्त पुढच्या हाताचे. प्रत्येक राउटर ते बाहेरचे पाकीट फाडून टाकतो, आतील आयपी पत्ता पाहतो, आयुष्यातून एक वजा करतो आणि पुढच्या राउटरच्या नावाने नवे पाकीट करतो. माझ्या घरचा राउटर पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोर्टही बदलतो, हा अपवाद सोडला तर मधल्या कोणालाही आतल्या मजकुराशी कर्तव्य नसते. एका स्तराने दुसऱ्याच्या कामात डोकावू नये, हा नियम पुस्तकात कोरडा वाटला होता. त्या १४ बाइटांकडे पाहताना तो मला फार सुंदर वाटला.

माझ्या दाराबाहेरची वाट पाहणी प्रणालीला दिसत नाही. त्यासाठी व्हॅन जेकबसन यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या ट्रेसराउट या वाट शोधणाऱ्या प्रणालीचा आधार घेतला. पॅकेटचे आयुष्य मुद्दाम १ ठेवले की पहिलाच राउटर ते संपवतो आणि तसे कळवतो. २ ठेवले की दुसरा कळवतो. अशा रीतीने एकेक मुक्काम उलगडत गेला. काहींनी उत्तर दिलेच नाही, त्यांच्या जागी केवळ तारे उमटले. आठव्या मुक्कामापर्यंत जाऊन येण्यास १४ मिलिसेकंद लागत होते आणि नवव्याला एकदम १३१. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे वाढलेले ११७ मिलिसेकंद म्हणजे एका बाजूने फार तर ११,७०० किलोमीटर. त्या दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत बहुधा समुद्रतळावरची केबल होती. मंदावणाऱ्या प्रकाशाला ठरावीक अंतरावर पुन्हा उजाळा देणारी यंत्रे तिच्यात बसवलेली असतात. सतरा राउटर ओलांडल्यावर सर्व्हर आला.

उत्तराचे पान एका पॅकेटमध्ये मावणारे नव्हते. इथरनेटच्या चौकटीत १५०० बाइट मावतात. त्यातून टीसीपी आणि आयपीच्या शीर्षकांचे प्रत्येकी २० बाइट वजा जाता १४६० बाइटांपेक्षा मोठा तुकडा निघू शकत नाही. तुकडे ओळीने येत असताना मध्येच एक आला नाही. माझ्या संगणकाने त्याच क्रमांकाची पोच पुन्हा पुन्हा पाठवली. तशी तिसरी जादा पोच पोहोचताच सर्व्हरने काय हरवले ते ओळखून तेवढाच तुकडा पुन्हा धाडला. वाटेतील एकाही राउटरने त्याची दखल घेतली नाही, कारण ते त्यांचे काम नव्हे. हरवले ते शोधण्याची जबाबदारी दोन टोकांची, ही मांडणी व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांच्या १९७४ च्या प्रबंधापासून चालत आली आहे, आणि एवढे मोठे जाळे उभे राहू शकले ते बऱ्याच अंशी तिच्यामुळे, असे मला मनापासून वाटते.

पान उमटल्यावर पाहणी थांबवण्याआधी मी परतलेल्या शेवटच्या पॅकेटचे आयुष्य पाहिले. तेथे ४९ होते. सर्व्हरनेही ६४ पासूनच सुरुवात केली असेल, तर येताना त्या पॅकेटने पंधराच राउटर ओलांडले होते. जाताना सतरा, येताना पंधरा. उत्तर वेगळ्या वाटेने आले होते, आणि ती वाट माझ्या बाजूने दिसण्याचा काही मार्ग नव्हता.