तुम्ही विचारलंत म्हणून : बाबांना साधं पाणी का दिलं

"आमच्या आईला पाणी घट्ट करून द्यायला लावलंत आणि स्वतःच्या वडिलांना साधं पाणी पाजलंत म्हणे. खरं का?"

हो, खरं आहे. पेशंटच्या मुलांनी हे विचारलंय, माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींनी विचारलंय. नात्यातल्या एका काकूंनी तर "पाणी पाजूनच घालवलंस ना गं त्यांना?" असं तोंडावर विचारलंय. आजवर मी समोरच्याचा चेहरा बघून उत्तर देत आले. कुणाला संशोधन सांगितलं, कुणाला बाबांची इच्छा, काकूंना काहीच नाही. आता एकदाच सगळं लिहून टाकते.

मी स्पीच थेरपिस्ट आहे, आणि गिळायला त्रास होणाऱ्यांना काय आणि कसं द्यायचं हेही आमच्याच कामात येतं. स्पीच थेरपिस्ट गिळण्यात कशाला लक्ष घालते, इथपासून मी सुरुवात करणार नाही. घरात मेंदूचा झटका (पक्षाघात), पार्किन्सन्स किंवा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) बघितलेल्यांना ते एव्हाना माहीत झालेलं असतं, आणि मला हा प्रश्न विचारणारे बहुतेक तेच असतात.

आधी घट्ट पाण्याची बाजू घेते, कारण ती खोटी नाही. आपण गिळतो तेव्हा श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू मिटतात आणि घास श्वासनलिकेला बगल देऊन अन्ननलिकेत उतरतो. घशातलं हे सगळं काम सेकंदाभरात उरकतं. वय झालं की ते थोडं संथ होतं. तेवढ्याला आजार म्हणत नाहीत. पण मेंदूला इजा झाली की श्वासनलिकेचं हे दार मिटायला उशीर होतो, आणि पाणी काही दाराशी थांबून राहत नाही. त्यात पावडर घालून घट्ट केलं की ते सावकाश उतरतं, घशाला वेळ मिळतो. व्हिडिओ एक्स-रेवर मी कितीदा तरी पाहिलंय: एक्स-रेवर दिसावं म्हणून पाण्यात मिसळलेल्या बेरियमची काळी धार सरळ श्वासनलिकेत जाते आणि खुर्चीत बसलेल्या आजी शांतपणे पुढच्या घोटाची वाट बघत असतात. ठसका नाही, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. "त्यांना ठसका लागत नाही, म्हणजे बरं चाललंय" असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो तो यामुळे. वर्षानुवर्षं हेच बघणाऱ्या बाईला पाण्याची धास्ती बसते. मलाही बसली होती.

पण पाणी चुकीच्या वाटेने जाणं आणि न्यूमोनिया होणं यांत बरंच अंतर आहे. 1998 साली गिळण्याच्या विकारांच्या अमेरिकी संशोधक सुझन लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 189 वृद्धांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. न्यूमोनिया कुणाला होतो याच्या कारणांत सगळ्यात पुढे काय आलं, तर दुसऱ्याच्या हातून भरवून घ्यावं लागणं, स्वतःचं तोंड स्वतः साफ करता न येणं, किडलेले दात. गिळण्यातला बिघाड एकटा पुरेसा नव्हता. मग 2008 मध्ये डिमेन्शिया किंवा पार्किन्सन्स असलेल्या 515 जणांचा अभ्यास आला. या सगळ्यांचं पाणी एक्स-रेवर श्वासनलिकेत जाताना दिसलेलं होतं. काहींना हनुवटी खाली घेऊन साधं पाणी दिलं, काहींना घट्ट. तीन महिन्यांत न्यूमोनिया दोन्हीकडे जवळपास सारखाच, शंभरात दहा-बारा जणांना. अंगातलं पाणी कमी पडलं ते मात्र साधं पाणी पिणाऱ्यांत 2 टक्क्यांना आणि घट्ट पिणाऱ्यांत 6 टक्क्यांना. या अभ्यासात काहीच उपाय न केलेला गट नव्हता, त्यामुळे घट्ट पाणी निरुपयोगी आहे असं त्यावरून म्हणता येत नाही. मी म्हणतही नाही.

हे सगळं बाबा आजारी पडायच्या आधीपासून मला पाठ होतं. तरी मी घट्ट पाणीच लिहून देत होते. तेव्हाच्या मला कुणी छेडलं असतं तर ती म्हणाली असती, "शंभरातले दहा-बारा ठीक आहे, पण माझ्यासमोरचा माणूस त्या दहा-बारांतला निघाला तर?" तिचं हे म्हणणं मला आजही खोडता येत नाही. तिचं दुसरं म्हणणं मात्र मी ऐकून घेणार नाही. ते म्हणजे, ज्याला बोलताच येत नाही त्याला विचारायचं कसं?

बाबांना झटका आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात गेला, वाचा गेली, उजवीकडचं दिसणं अर्धवट झालं. तोंडातून निघणारे शब्द उरले दोन: "हो हो" आणि "तेच ते". अन्न देण्यासाठी घातलेली नाकातली नळी निघाली तेव्हा घट्ट पाणी सुरू झालं, आणि घरी ते बनवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. दहा मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये पाणी भरायचं, तळाचं भोक बोटाने दाबून धरायचं, बोट सोडायचं आणि दहा सेकंदांनी किती उरलं ते बघायचं. चार ते आठच्या मध्ये उरलं तर घट्टपणाची दुसरी पातळी. बाबांना तीच सांगितली होती. दादा शेजारी उभा राहून सेकंद मोजायचा. ते पाणी इतकं अचूक असायचं की मी कुणालाही दाखवलं असतं.

बाबा ओठ घट्ट मिटून घ्यायचे.

ज्यांनी ते चाखलं नाही त्यांना सांगते, घट्ट पाण्याने तहान भागल्यासारखी वाटत नाही. ते तोंडात रेंगाळतं, गिळून झाल्यावरही जिभेवर साय राहिल्यासारखं वाटतं. बाबांची जीभ कोरडी पडून चिरायला लागली, लघवी गडद झाली, संध्याकाळी ते भ्रमिष्टासारखे करायला लागले, सलाइनसाठी पुन्हा ॲडमिट करावं लागलं. घरी आल्यावर एकदा दात घासून झाल्यावर दादाने चूळ भरायला भांडं दिलं. बाबांनी ते गटागटा पिऊन टाकलं आणि रिकामं भांडं डाव्या हाताने पुन्हा पुढे केलं. दादा घाबरून मला हाका मारत सुटला. त्या दिवसापासून आम्ही त्यांच्या खोलीत पाणी राहू देईनासे झालो. बेसिनपाशीही त्यांना एकटं सोडत नव्हतो. आपल्याच बापावर पाण्यासाठी पहारा ठेवायचा, हे ज्यांनी केलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

मी त्यांना विचारत नव्हते असं नाही. रोज विचारायचे, "बाबा, घट्ट पाणी चालेल ना?" ते म्हणायचे, "हो हो." आणि ओठ मिटून घ्यायचे.

शेवटी माझ्याच क्षेत्रातल्या, माझ्याहून वयाने बऱ्याच लहान मैत्रिणीला बोलावलं. तिने आल्या आल्या मला बाबांच्या पाठीमागे खुर्ची दिली. "ताई, तुम्ही मागे बसा आणि बोलू नका. ते तुमचा चेहरा बघून उत्तर देतात." मग टीव्ही बंद केला, बाबांचा चष्मा पुसून त्यांना घातला, कानातल्या यंत्राचा सेल तपासला. तो संपलेला होता. (पाण्याची पातळी मोजणाऱ्या घरात सेल संपलेला! यावर दादा आणि मी नंतर भांडलो.) मग ती त्यांच्या डाव्या बाजूला बसली आणि म्हणाली, "काका, मला माहितीये तुम्हाला सगळं कळतं. मला विचारायला वेळ लागेल, तुम्हीही वेळ घ्या."

आधी तिने त्यांचं 'हो' तपासलं. "ही तुमची खोली आहे?" "हो हो", अंगठा वर. "तुम्ही बाई आहात?" "हो हो." पण डाव्या हाताचा अंगठा खाली. तिने असेच आणखी काही प्रश्न फिरवून फिरवून विचारले. तोंड प्रत्येक वेळी 'हो हो' म्हणालं आणि अंगठा प्रत्येक वेळी बरोबर निघाला. मी मागे बसून बघत होते. इतके दिवस मी तोंडाचं ऐकत होते.

मग तिने कार्डांसारखे पत्ते घेऊन त्यांवर जाड पेनाने मोठ्या अक्षरात शब्द लिहिले, प्रत्येकावर साधं रेखाचित्र काढलं आणि ते एकाखाली एक, उभे मांडले, म्हणजे उजवीकडचं निसटायला नको. 'घट्ट पाणी'. 'साधं पाणी'. बाबांनी 'घट्ट पाणी' उचलून पालथं घातलं. तिने पत्त्यांची जागा बदलून पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग तिने छातीचं चित्र काढून पाणी फुप्फुसात जाताना दाखवलं, आणि पुढचे पत्ते मांडले: 'ताप', 'हॉस्पिटल'. त्यानंतर तिने 'मृत्यू' असं लिहिलं. मी खुर्चीतून अर्धवट उठले. तिने माझ्याकडे न बघता हातानेच बस म्हणून खुणावलं. "काका, साधं पाणी प्यायलात तर हे होऊ शकतं. होईलच असं नाही, पण होऊ शकतं. कळलं?" अंगठा वर. "तरी साधं पाणी हवं?" बाबांनी 'साधं पाणी' आपल्या छातीशी ओढलं. 'मृत्यू'कडे त्यांनी नीट बघितलं आणि तो पत्ता जागेवरच राहू दिला. 'हॉस्पिटल'चा पत्ता मात्र असा जोरात ढकलला की तो पलंगाखाली गेला.

तिने तो उचलून पुन्हा मांडला. "ताप आला तर हॉस्पिटलमध्ये जायचं नाही, असं म्हणताय?" अंगठा आडवाच राहिला, ना वर, ना खाली. "हॉस्पिटलमध्ये जायची वेळच येऊ नये, असं?" पुन्हा आडवा. ते दमले होते, तिने थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ते ताजेतवाने असताना, तिने सगळं पहिल्यापासून विचारलं. पाण्याचं उत्तर तेच. हॉस्पिटलपाशी अंगठा पुन्हा मध्येच.

आमच्या घरात त्या अंगठ्याचे दोन अर्थ झाले. दादा म्हणाला, त्यांना हॉस्पिटल नको आहे, मग हॉस्पिटलात नेईल असं पाणी द्यायचं कसं? मी म्हणाले, धोका कळूनही त्यांनी पाणी उचललं, यापेक्षा स्पष्ट माणूस आणखी काय सांगणार? डॉक्टर आमच्याबरोबर बसले, बोलले आणि माझ्या बाजूला झुकले. मैत्रीण कुठल्याच बाजूला झुकली नाही. तिने बाबांना काय दाखवलं, कोणत्या क्रमाने, आणि प्रत्येक वेळी अंगठा कुठे होता, एवढं फाइलमध्ये लिहून ठेवलं.

आणि "साधं पाणी पाजलं" याचा अर्थ भांडं भरून हातात दिलं असा कुणी घेऊ नये. अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या फ्रेझियर रिहॅब (पुनर्वसन) संस्थेत 1984 पासून पाण्याचा जो नियम चालत आलाय, साधारण तसंच केलं. जेवताना साधं पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबायचं. पाणी देण्याआधी कवळी काढून हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू स्वच्छ करायची, कारण श्वासनलिकेत नुसतं पाणी गेलं तर फुप्फुस ते बऱ्यापैकी शोषून घेतं. तोंडातले जंतू आणि अन्नाचे कण त्याच्याबरोबर जाणं वाईट. पाठ सरळ, भांडं त्यांच्याच डाव्या हातात, एका वेळी एक घोट. गोळ्या पाण्याबरोबर कधीच नाहीत. तोंड साफ करायचं काम दादाने स्वतःकडे घेतलं, आणि ते त्याने माझ्यापेक्षा चांगलं केलं. पाणी देणं त्याला पटलं नव्हतं, तरी.

ठसके लागायचे. कधी इतके, की त्या दिवशी मी पाणी बंद करायचे आणि बाबा माझ्याकडे पाठ फिरवून पडायचे. पण संध्याकाळचं भ्रमिष्टपण गेलं, जीभ ओली राहायला लागली. काही महिने असे गेले. मग ताप आला, श्वास भरभर व्हायला लागला. आम्ही त्यांना घरीच ठेवलं. यावरही दोन मतं होती. सर्टिफिकेटवर न्यूमोनिया लिहिलाय.

पाण्यामुळे? झोपेत लाळही श्वासनलिकेत जाते, घट्ट पाणी पिणाऱ्यांना न्यूमोनिया होतो, नळी घातलेल्यांनाही होतो. मी हे काकूंना सांगू शकले असते. पण पाण्यामुळे नाहीच, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आणि तेवढं एकच त्यांना ऐकायचं होतं.

आता, "आमच्या आईला का नाही?" तुमच्या आईला बसवलं तरी मान सावरत नाही, छातीचा आजार जुना आहे, तोंडाला हात लावू देत नाहीत आणि घट्ट पाणी त्या तक्रार न करता पितात. त्यांना मी तेच लिहून देईन, उद्याही. ज्या दिवशी त्या ओठ मिटतील त्या दिवशी मला बोलवा, आपण पत्ते घेऊन बसू. तुम्हाला यात दोन न्याय दिसत असतील तर माझा इलाज नाही.

दादाने मध्यंतरी विचारलं, "अंगठा मध्येच राहिला होता, तर थांबली का नाहीस?" मी म्हणाले, थांबणं म्हणजे घट्ट पाणी आणि पहारा चालू ठेवणं, तेही कुणीतरी ठरवलेलंच असतं. त्याला ते पटलेलं नाही. याहून दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.